लुकला कुठे, लासूर कुठे!

सुटीवरचा स्पॅनर
कालपासून तीन ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय. "सातपुड्याच्या पायथ्याला तालुक्यागणिक ४०० मीटरची खाजगी धावपट्टी करा, तीही उतारावर. चढाला उतरायचं, उताराला उडायचं. ब्रेक नको, लांबी नको, भूसंपादनाची कटकट नको. नेपाळात लुकलाला जमतं, फ्रान्सात कूर्शव्हेलला जमतं, मग आपल्या चोपडा तालुक्यातल्या लासूरला का नाही?" खाली अंगठ्यांची रांग. सत्तावीस वर्षं हँगरात हात काळे केलेत, म्हणून राहवलं नाही.

लुकला ५२७ मीटर आहे, चढ पावणेबारा टक्के. कूर्शव्हेल ५३७ मीटर, चढ साडेअठराच्या आसपास. इथपर्यंत पोस्टवाला बरोबर. पण लुकलाला ट्विन ऑटर, डॉर्नियर उतरतात. टर्बाइन इंजिन, पंखा उलटा जोर लावतो. आपल्याकडे कोण येणार? सेसना १७२, चार जणांचं छोटं विमान. तिचं पुस्तक म्हणतं, पूर्ण वजन, समुद्रसपाटी, १५ अंश, कोरडी डांबरी सपाट पट्टी असेल तर उडून ५० फुटी अडथळा ओलांडायला १६३० फूट, म्हणजे ५०० मीटर. आता मे महिन्यात चोपड्याला १५ अंश कुठून आणायचे? ४५ असतात. दर दहा अंशांना दहा टक्के धरा, ६६५ झाले. गावाची उंची आठशे फूट, ७२० झाले. मुरूम-गवताचे वीस टक्के, ८६० झाले. वर सुरक्षेसाठी एक तृतीयांश. साडेअकराशे मीटर! ४०० मीटरवाल्यांनी उरलेले साडेसातशे तापीत शोधावेत.

दुसऱ्या भाषेत सांगतो. तापली की हवा विरळ होते. जळगावला ४५ अंशांत विमानाला हवा मिळते ती साडेचार हजार फुटांवरची. म्हणजे उभं जळगावात आणि इंजिन महाबळेश्वरात. फक्त स्ट्रॉबेरी नाही.

नंदुरबारी
काका, हिशेब भारी. पण तुम्ही हँगरातून बोलताय, मी धडगावातून. माझ्या मावशीला रात्री कळा सुरू झाल्या, पाड्यापासून रस्त्यापर्यंत झोळीतून आणली, पुढे घाटातून तीन तास. बाळ गेलं. त्या रात्री कोणी ४०० मीटर म्हटलं असतं तर मी ३०० वर सही केली असती. तुम्हाला पट्टीची लांबी दिसते, आम्हाला रस्त्याची दिसते.

सुटीवरचा स्पॅनर
वाईट झालं, त्यावर वाद नाही. पण रात्री म्हणालात ना? उतारावरच्या कच्च्या पट्टीवर रात्री कोणी उतरत नाही. लुकलालाही नाही. तिथे भरदिवसा ढग आडवा आला तर काय होतं ते २००८ च्या ऑक्टोबरात दिसलं, १८ माणसं गेली. कळा घड्याळ बघून येत नाहीत.

एकट्याने उड्डाण
काका, माफ करा, हिशेबात एक खोट आहे. उतार धरलाच नाही. चढावर धावलं तर दर दोन टक्क्यांना दहा टक्के लांबी वाढते, मग उतारावर धावलं तर घटणार ना? पायथ्याला चार टक्के उतार सहज मिळतो. आणि मे महिन्याची दुपारच का धरायची? सकाळी सहाला २८ अंश असतात, तेव्हा हवा अडीच हजार फुटांची. पापुआ न्यू गिनीत मिशनवाले डोंगरातल्या गवती पट्ट्यांवर रोज तांदूळ, औषधं, पेशंट नेतात. एकीकडून यायचं, तिकडूनच जायचं. हे शिकवता येतं. तुमच्या पिढीला सगळं "नको" वाटतं.

सुटीवरचा स्पॅनर
माझ्या पिढीने तुमच्या पिढीची वाकलेली नोज व्हील, म्हणजे पुढची चाकं, सरळ केली आहेत, एवढं लक्षात असू द्या. एक सांगतो. शिकाऊ पोरगा चढाच्या पट्टीवर उतरत होता. चढाची पट्टी समोरून लांब-उभी दिसते, डोळा म्हणतो "आपण फार वर आहोत". पोराने पॉवर काढली. वर नव्हताच, बेतात होता. पट्टीच्या अलीकडे बोरीच्या झुडपांत उतरला. चाकातून काटे मी स्वतः पकडीने काढलेत. पोरगा शहाणा निघाला, पुढे बँकेत लागला.

आणि दिवसा डोंगराकडे वारा वर चढतो, हे शिकवलं का? म्हणजे चढाला उतरताना वारा पाठीत. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीत असला तर पट्टी वीस टक्के जास्त लागते. वर एका टप्प्यानंतर पुन्हा उडून जायची सोय नाही, समोर डोंगर.

एकट्याने उड्डाण
तो टप्पा आधीच ठरवतात, काका. खालच्या खुणेआधी वेग-उंची जमली नाही तर वळायचं. आणि तोच वर चढणारा वारा उडताना तोंडावर येतो, ते सोयीने गाळलंत.

केळीबाग रावेर
तुमचं वळणं-बिळणं चालू द्या. मुळात धावपट्टी लागते कोणाला? आमच्या गावाला दुष्काळात साहेबांचं हेलिकॉप्टर येणार होतं. शाळेच्या मैदानात धूळ उडू नये म्हणून सकाळपासून टँकरने पाणी मारलं. पाच खेपा! त्याच आठवड्यात बायकांच्या घागरी तीन दिवस कोरड्या. हेलिकॉप्टर आलं, अठरा मिनिटं थांबलं, गेलं. खाजगी पट्टी झाली तरी पाणी आमचंच मारणार.

कपाशी
पाच नव्हे, आमच्याकडे सात खेपा. वर माझ्या बांधावरची कपाशी पंख्याच्या वाऱ्याने आडवी. पंचनामा मागितला तर तलाठी म्हणे, "वाऱ्याने पडली लिहू का?" मी म्हटलं लिहा, पण वारा कोणाचा तेही लिहा.

केळीबाग रावेर
😂 आमच्याकडे वारा नेहमी सत्ताधारी पक्षाचा असतो. गंमत सोडा, वादळात केळी आडवी झाली की विम्यासाठी महिनोन्‌महिने खेटे. आणि पेपरात म्हणे विमानाने केळी परदेशी पाठवू. सेसनात किती घड मावतील हो स्पॅनरभाऊ?

सुटीवरचा स्पॅनर
दोन माणसं आणि इंधन भरलं की शंभरेक किलो उरतं. तुमची एक ट्रॉलीसुद्धा नाही. पण विषय तो नव्हता.

कपाशी
विषय तोच शे भाऊ. आमना गावमा एस्टी येत नही आन् तुमी इमान उडाडी ऱ्हायनात.

जळगावकर
एस्टीचं सोडा, जळगावला १७०० मीटरची पक्की पट्टी २०१२ पासून आहे. डिसेंबर २०१७ ला केंद्राच्या उडान योजनेचं विमान सुरू झालं, बंद पडलं. परत सुरू, परत बंद. माझ्या भाचीचं लग्न होतं, मुंबईचं तिकीट काढलं, आदल्या संध्याकाळी मेसेज: रद्द. रात्रभर रेल्वेत दाराशी बसून गेलो, अक्षता चुकल्या, जेवण मिळालं. आधी आहे ती पट्टी नीट चालवा, मग उतारावर चढा.

नंदुरबारी
वा. टँकर, केळी, अक्षता. झोळी कुठे गेली?

केळीबाग रावेर
झोळी कुठे जाणार, तिथेच आहे. टँकरचे पैसे वाचले तर रस्ता होईल, तेच सांगतोय.

नंदुरबारी
पाच टँकरात धडगावचा घाटरस्ता? आप्पा, केळीचा हिशेब केळीपाशी ठेवा. तुमच्या बागेपर्यंत डांबर आहे म्हणून हे सुचतं.

केळीबाग रावेर
डांबर पाहायला या एकदा. आणि येताना आवाज खाली ठेवून या.

सुटीवरचा स्पॅनर
दोघंही थांबा. झोळीवरून आठवलं. २०२१ च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात शिकाऊ विमान सातपुड्यात पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी. तिला बाहेर कसं आणलं? गावकऱ्यांनी साडीची झोळी करून. विमानातलं माणूससुद्धा शेवटी झोळीतूनच रस्त्याला लागलं. म्हणून म्हणतो, पैसा आधी रस्त्यात.

एकट्याने उड्डाण
त्या अपघाताचा धावपट्टीच्या उताराशी संबंध काय? भावनेवर नेताय, काका. मघाशी नंदुरबारीला हिशेब दाखवत होतात.

सुटीवरचा स्पॅनर
मान्य. तेवढं मागे घेतो. तुमच्या "सकाळी सहा"चा हिशेबही करून पाहिला, रात्री झोप येत नव्हती म्हणून. २८ अंश, तेच गवत: ७३० मीटर. एकटा पायलट, अर्धी टाकी, वजन वीस टक्के कमी: ५२० च्या आसपास. चार टक्के उताराचे वजा केले तर ४२०. सुरक्षेचा तृतीयांश न धरता. म्हणजे तुमची ४०० ची पट्टी जवळपास बसते, शाब्बास. फक्त त्यात पेशंट बसत नाही.

एकट्याने उड्डाण
मग ७०० ची करा! मी ४०० ला कधी हो म्हटलं? उताराला घाबरू नका एवढंच म्हणत होतो.

सुटीवरचा स्पॅनर
७०० ला, सकाळी, दिवसा, शिकवलेला पायलट, खाली महावितरणच्या तारा नसतील तर. डीजीसीएने, म्हणजे विमानवाल्या सरकारी खात्याने, कागद दिला आणि अ‍ॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानाचं पेट्रोल, कुठून येणार ते ठरलं तर. एवढ्या "तर" वर माझा विरोध नाही. पोस्टवाल्याने यातला एकही "तर" लिहिला नव्हता.

नंदुरबारी
रात्रीचं काय?

सुटीवरचा स्पॅनर
रात्रीचं माझ्याकडे उत्तर नाही.

केळीबाग रावेर
बरं, टँकरचं बिल ग्रामपंचायतीने भरलं की तहसीलने? कपाशीभाऊ, तुमच्याकडे कोणी भरलं?

कपाशी
अजून कोणीच नही. टँकरवाला माझ्याच दारात बसून आहे.