नववीतल्या पोरांना ‘शाळा’ द्यायची की नाही?

सातवी गल्ली, राजारामपुरी

आमच्या अपार्टमेंटमध्ये पोरांसाठी पुस्तकांचं कपाट करायचं ठरलंय, 13 ते 16 वयाच्या. वर्गणी जमली आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. यादीत मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ होती. एका पालकांनी फोन करून ती काढायला सांगितली. म्हणे, नववीतला मुलगा वर्गातल्या मुलीच्या मागं असतो, हे आपण होऊन कशाला द्यायचं?

त्याच यादीत आनंद यादवांची ‘झोंबी’ आणि शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आहे. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. ‘झोंबी’त बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो, मारतो, घरात खायची मारामार. ‘मृत्युंजय’मध्ये भर सभेत द्रौपदीची विटंबना आहे, आणि ते पुस्तक आपण सातवीच्या पोराला वाढदिवसाला देतो. ते चालतं. ‘शाळा’तल्या मुकुंदाला वर्गातली शिरोडकर आवडते, एवढंच चालत नाही. या वयात पोरांच्या मनात जे खरोखर चाललेलं असतं, तेवढंच नेमकं आपण यादीतून उडवतो, असं माझं मत आहे. बोला.

वस्ताद

फोन करणारा मी नव्हे, पण त्यांच्या बाजूनं बोलतो. तालमीत नवख्या पोराला पहिल्या दिवशी कुणी कुस्तीला जोडत नाही. आधी जोर-बैठका, मग डाव. पुस्तकाचंही तसंच. 13 वर्षांचं पोरगं आणि 16 वर्षांचं पोरगं यात केवढा फरक असतो, हे घरात दोन्ही असलेल्याला विचारा. तुम्ही दोघांना एकच कपाट देणार.

आणि ताई, यादीतून एक पुस्तक काढलं म्हणजे बंदी घातली असं होत नाही. ज्याला हवं त्यानं वाचनालयातून आणावं. अपार्टमेंटच्या कपाटात सगळ्यांची वर्गणी आहे, तेव्हा सगळ्यांना पटेल तेच ठेवावं.

कागलकर

‘झोंबी’ आमच्या गावची, म्हणून मध्ये पडतोय. बाप मारतो म्हणून ती मारहाणीची गोष्ट होत नाही. सौंदलगेकर मास्तरांनी शिकवलेल्या कविता रानात पाणी पाजता पाजता म्हणणारा आनंदा त्यात आहे. 1990 साली तिला साहित्य अकादमी मिळालं. तिचा भाग केंद्रीय बोर्डाच्या बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात ‘जूझ’ नावानं आहे. दिल्लीची पोरं वाचतात आणि कोल्हापुरातल्या पोराला ते हिंदीतून कळतं, ही आमची तऱ्हा!

वस्ताद, सगळ्यांना पटेल तेच ठेवायचं म्हटलं तर कपाटात शब्दकोश आणि दिनदर्शिका उरतील.

वस्ताद

शब्दकोशही वाईट नाही. निदान पोरं शुद्धलेखन तरी सुधारतील.

देवघेव काउंटर

बरीच वर्षं वाचनालयात काढलीत म्हणून लिहितो. या गावाला वाचनाची सवय जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. पण बहुतेक वाचनालयांत विभाग दोनच, बालविभाग आणि मोठ्यांचा. मधलं वय कपाटातच नाही. पोरगं बालविभागात ‘फास्टर फेणे’ संपवतं, मग एक दिवस आई मोठ्यांच्या विभागात उभी राहून विचारते, याला काहीतरी द्या. आपण काय देतो? जाड ऐतिहासिक कादंबरी. काही पोरं ती झपाटून वाचतात. बाकीची चाळीस पानांवर खूण ठेवून परत करतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मुलगे जास्त.

त्यामुळे ताई, तुमचा राग पटला, तरी ‘शाळा’बद्दल माझी शंका वेगळी आहे. नायक नववीत आहे म्हणून पुस्तक नववीतल्यांसाठी होत नाही. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला शाळकरी लंपन आठवा. त्या कथांवर जीव टाकणारे माझे सगळे वाचक चाळिशीच्या पुढचे. स्वतःचं लहानपण आठवणारा मोठा माणूस आणि आत्ता त्यातून जाणारं पोर, दोघांना एकाच पानावर वेगवेगळं दिसतं. ‘शाळा’तला काळ आणीबाणीचा. मुलीशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून वाट बघण्यात त्यांचे दिवस जातात. आजच्या पोराच्या हातात फोन आहे. त्याला हे कंटाळवाणं वाटलं तर नवल नाही. काढायचीच असेल तर या कारणानं काढा. मुलगी आवडते म्हणून काढू नका.

दहावी ब

काका, मी वाचलीय, आईच्या कपाटातून. कंटाळवाणी अजिबात नाही. फोन असला तरी समोरून येताना बघून पोटात व्हायचं ते होतंच की. आणीबाणीचं काही कळलं नव्हतं, मग आजोबांना विचारलं. त्यांनी दोन तास सोडलं नाही.

आता गंमत ऐका. मी आठवीत असताना बाबांनी स्वतः मला ‘द हंगर गेम्स’ घेऊन दिलं, का तर इंग्रजी सुधारेल. त्यात 12 ते 18 वयाच्या 24 मुलांना मैदानात सोडतात आणि शेवटी एकच जिवंत राहावा असा नियम. एकमेकांना मारतात! पुस्तक मला लई आवडलं. पण कुणी फोन करून ते काढायला लावलं नाही, कारण ते कुणी उघडूनच बघितलं नव्हतं. मराठी पुस्तक तुम्हाला वाचता येतं, म्हणून सगळी तपासणी मराठीची. आमच्या वर्गातल्यांनी मराठी का सोडलं, याचं एक कारण सांगितलं. पटलं तर बघा.

सातवी गल्ली, राजारामपुरी

बाळा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या यादीतली इंग्रजी पुस्तकं सगळ्यांनी डोळे झाकून मंजूर केलीत.

वस्ताद

पोराचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून उलटं निघतं. इंग्रजीही तपासा. तपासणीच नको असं कसं? मला पुस्तकातल्या प्रेमाची भीती नाही. वाचून पोरानं काही विचारलं, तर घरात उत्तर द्यायला कोण आहे, ही काळजी आहे. आमच्याकडे दोघंही रात्री साडेआठला घरी येतो. त्या पोराच्या आजोबांसारखं दोन तास बसणारं माणूस सगळ्या घरांत नसतं.

देवघेव काउंटर

हा मुद्दा वजनदार आहे, टाळण्यासारखा नाही. पण विचारायला माणूस नसलेल्या घरातल्या पोरालाच पुस्तक जास्त लागतं, हेही बघा.

यादीचं म्हणाल तर मी एवढं करतो. पहिली वीस पानं त्याच वयाच्या दोन-तीन पोरांना वाचायला देतो आणि पुढचं काय झालं असेल, एवढंच विचारतो. ज्याला सांगावंसं वाटतं त्याला पुस्तक लागलं. टाइप बारीक असेल तर चांगलं पुस्तकही मार खातं. आणि कथा-कादंबरीच कशाला? चरित्रं, प्रवास, क्रिकेट, यंत्रं. काउंटरवरून गायब झालेले मुलगे बहुतेक त्याच कपाटापाशी परत येतात.

कागलकर

कुस्तीही घाला. वस्तादांची वर्गणी वसूल होईल.

वस्ताद

घालाच. बरं, ‘शाळा’ ठेवायची तर ठेवा, मी अडवत नाही. फक्त कोणी काय नेलं त्याची वही ठेवा आणि ती पालकांना बघायला मिळू दे. माझ्या पोरानं काय नेलं, ते मला कळायला नको का?

दहावी ब

मग कपाटातून कुणी काही नेणारच नाही. तिथंच उभ्यानं वाचू आणि परत ठेवू.

सातवी गल्ली, राजारामपुरी

वही ठेवीन, पुस्तकं हरवू नयेत म्हणून. पण ती माझ्याकडं राहील, पालकांना दाखवणार नाही. वस्ताद, तुमच्या पोरालाच विचारा की काय वाचतोयस. यादी रविवारी खालच्या मजल्यावर लावतेय, ‘शाळा’ तिच्यात आहे. इंग्रजीतली सहा पुस्तकं मात्र तोपर्यंत कुणीतरी वाचून काढा. दोन मी घेतलीत, चार उरलीत.

वस्ताद

माझं इंग्रजी बेताचं आहे. त्यातलं एक पोराबरोबर बसून वाचतो. पातळ असेल ते द्या.