नेत्याचं खासगी वागणं बघून मत द्यायचं का?

प्रश्न: रविवारी उपासनेनंतर एका नेत्याला मत देण्यावरून भावाशी जुंपली. तो म्हणतो, "बायबलमधल्या दाविद राजानं आपल्या सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत पुढे धाडून मारवलं, तरी राजा राहिलाच ना? मग ह्या नेत्याच्या लफड्यांचं काय घेऊन बसलीस!" मी गप्प बसले, पण पटलं नाही. तुम्ही काय करता?

उत्तर १: दाविदाचा दाखला लोक सोयीनं अर्धाच देतात. नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सुनावलं तेव्हा राजानं "मी पाप केलं आहे" म्हणून कबुली दिली. तुमच्या नेत्यानं दिली का, विचारा भावाला.

उत्तर २: अमेरिकेत बघा. राष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या लफड्याचं प्रकरण गाजत असताना, १९९८ मध्ये सदर्न बाप्टिस्ट ह्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथानं नेत्याच्या चारित्र्यावर कडक ठराव केला. पण खासगीत अनैतिक वागणाराही पदावर नीट वागू शकतो, असं मानणारे गोरे इव्हँजेलिकल (बायबलला काटेकोर धरणारे प्रोटेस्टंट) २०११ मध्ये ३० टक्के होते, २०१६ मध्ये ७२! बायबल तेच, उमेदवार वेगळा, ट्रम्प.

उत्तर ३: मी तर धोरणंच बघतो. पाळक थोडाच निवडतोय?

प्रश्नकर्ती: पाळक नको, पण घरी खोटं बोलणारा बाहेर खरं बोलेल कशावरून? असो. भावाला नाथानाचं विचारलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.