दुकान, वेबसाइट, मार्केटप्लेस सगळीकडे विक्री आहे, एकच ईआरपी घ्यावा की वेगवेगळी सॉफ्टवेअरं जोडावीत?

गोदाम_बघतो
आमच्याकडे दुकानाचं बिलिंग एका सॉफ्टवेअरात, वेबसाइटच्या ऑर्डरी दुसरीकडे, दोन मार्केटप्लेसची पॅनल वेगळी, अकाउंट्स अजून तिसरीकडे आणि हे सगळं एकत्र धरून ठेवते ती एक एक्सेल शीट, जी रोज रात्री एक माणूस हाताने भरतो. मागच्या सेलमध्ये एका वस्तूचे शेवटचे ३ नग ११ जणांना विकले गेले. ८ ऑर्डरी रद्द केल्या, सेलर रेटिंग पडलं ते वेगळंच. माझं मत असं की सरळ एकच ईआरपी घ्यायचा, म्हणजे अख्खा धंदा सांभाळणारं एकच सॉफ्टवेअर, खरेदी, स्टॉक, ऑर्डर, रिटर्न, हिशेब सगळं एका डेटाबेसमध्ये. ज्यांना पटत नाही त्यांनी का ते सांगा, दोन महिन्यांत ठरवायचंय.

कोडवाली
मला नाही पटत. एक डेटाबेस म्हणताय, पण मार्केटप्लेसचा डेटाबेस तुमच्या हातात कधीच येणार नाही ना. तिथे आकडा एपीआयनेच (दोन सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलतात ती वाट) जाणार आणि एपीआयला ठरावीक वेळात किती कॉल करायचे याची मर्यादा असते. सेलच्या दिवशी ५,००० एसकेयूंचा (वेगवेगळ्या वस्तूंचा) स्टॉक ढकलायला गेलात की रांग लागते आणि तुमचा आकडा पोचेपर्यंत माल विकलेला असतो. ओव्हरसेलिंग थांबतं ते ऑर्डर आल्या क्षणी नग राखून ठेवल्यामुळे आणि थोडा बफर, म्हणजे न विकता मागे राखलेला माल, ठेवल्यामुळे. हे काम ऑर्डर मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर नीट करतं, अकाउंट्स आहेत तिथेच राहू द्या.

गोदाम_बघतो
प्रत्येक एसकेयूला बफर ठेवला तर किती माल नुसता अडकून पडेल?

कोडवाली
प्रत्येकाला नकोच. जे झपाट्याने खपतात त्यांनाच, तेही शिल्लक ५ च्या खाली आली की ज्या चॅनलवर (विक्रीच्या ठिकाणी) स्टॉकचा आकडा उशिरा पोचतो तिथे शून्य दाखवायचं, बाकीकडे विक्री चालू.

जुना_हिशेबनीस
मी धागाकर्त्याच्या बाजूने. ताई, स्टॉकचं तुमचं बरोबर आहे पण पैशाचं काय? मार्केटप्लेस ऑर्डरगणिक पैसे देत नाही, कमिशन, शिपिंग, परत आलेल्या मालाची वजावट सगळं कापून एक रक्कम बँकेत टाकतो आणि ती कुठल्या कुठल्या ऑर्डरींची हे आपण जुळवत बसायचं. ऑर्डर एका सॉफ्टवेअरात आणि खातं दुसऱ्यात असलं की महिनाअखेर जीव जातो. आमच्याकडे एकदा कनेक्टरने (दोन सॉफ्टवेअरं जोडणारा प्रोग्राम) नेटवर्क तुटल्यावर त्याच ऑर्डरी परत पाठवल्या, विक्री दुप्पट दिसायला लागली, आणि दोन्ही वेंडर एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. शिवाय छोटी टूल्स टिकतील याचा काय भरवसा, ट्रेडगेको हे स्टॉकचं टूल २०२० मध्ये इंट्यूट कंपनीने विकत घेतलं आणि २०२२ मध्ये बंद केलं. ज्यांचा अख्खा स्टॉक त्यावर होता त्यांना सगळं उचलून दुसरीकडे न्यावं लागलं.

कोडवाली
मोठ्यात गेलं की सुरक्षित असं थोडंच आहे? लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने २०११ मध्ये सॅपवर (मोठ्या कंपन्या वापरतात तो ईआरपी) जायचं काम काढलं आणि २०१८ मध्ये गुंडाळलं, सुमारे ५० कोटी युरो गेले असं छापून आलं होतं. त्यात एक मुद्दा अगदी साधा होता, लिडल स्टॉकची किंमत खरेदीच्या भावाने धरायचं आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ रीत विक्रीच्या भावाने धरायची.

जुना_हिशेबनीस
मग ते माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की. त्यांनी आपली रीत बदलली नाही, सॉफ्टवेअर वाकवत बसले. ईआरपी घ्यायचा तर जसा येतो तसा घ्या, त्यात फार बदल करायला लागणार असं दिसलं तर तो आपल्यासाठी नाहीच. ‘आमच्याकडे हे असंच चालतं’ यातलं खरंच गरजेचं किती आणि नुसती सवय किती, हे वेंडरला बोलवायच्या आधी घरच्या घरी ठरवा.

बारकोड
तुम्ही दोघं सॉफ्टवेअरवर भांडताय पण आत जाणारा माल-मास्टरच (वस्तूंच्या माहितीची मूळ यादी) सडका असेल तर काहीही घ्या, मार खाणारच. टार्गेट ही अमेरिकी दुकानांची साखळी, २०१३ मध्ये कॅनडात उतरलं आणि २०१५ मध्ये १३३ दुकानं बंद करून निघालं, त्याच्या कारणांत एक मोठं कारण हे की घाईत भरलेली वस्तूंची माहिती चुकीची होती, इंचाच्या जागी सेंटिमीटर, लांबीच्या जागी रुंदी असले घोळ. गोदामात माल आणि दुकानात फळ्या रिकाम्या.

माझा अनुभव सांगतो, डेमो वेंडरच्या नमुन्यावर कधीच बघायचा नाही. आपल्या सगळ्यात घाणेरड्या २०० वस्तू त्याला द्यायच्या, जिथे एकाच वस्तूला तीन चॅनलवर तीन कोड आहेत. मग एक कॉम्बो विकायला लावायचा, त्यातला एकच नग परत आणायचा, तोही फुटलेला, आणि अर्धे पैसे परत द्यायला सांगायचे. इथे निम्मे वेंडर ‘हे पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय’ म्हणतात. विक्री सगळ्यांना जमते हो, रिटर्नमध्ये कळतं कोणाने खरंच दुकानदाराचं काम बघितलंय.

गोदाम_बघतो
बारकोड, आज हेच करून बघितलं. ज्या ईआरपीवर माझा जीव जडला होता त्यात ग्राहकाने रिटर्नची विनंती टाकली की लगेच नग विक्रीयोग्य स्टॉकमध्ये जमा होतो, म्हणजे वस्तू अजून त्याच्या घरी आणि आपण ती दुसऱ्याला विकून मोकळे. तपासणीचा वेगळा कप्पाच नाही. तो बाद केला. पण एकच सिस्टीम हवी हे मत अजून तेच, हिशेबनीस म्हणतात ते सेटलमेंटचं, म्हणजे मार्केटप्लेसचे पैसे जुळवायचं, दुखणं आमच्याकडे रोजचं आहे.

कोडवाली
घ्या मग, पण दोन गोष्टी ऐका. करारात लिहून घ्या की सोडून जाताना प्रत्येक व्यवहाराचा डेटा मिळेल, नुसती शिल्लक नाही. आणि सीझनच्या तोंडावर चालू करू नका. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये जुलैत नवीन सिस्टीम चालू केली, हॅलोविन (तिकडचा चॉकलेट-गोळ्यांचा सण) समोर, आणि माल असूनही १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत.

गोदाम_बघतो
मग दोन महिन्यांचा हट्ट सोडतो, त्यात नेमका सेल येतोय. या सेलला बफर लावून काढतो आणि तोवर एसकेयूंची यादी साफ करायला घेतो.