टीम फोर्ट्रेस 2 चा स्वतः केलेला मॅप ग्रुपमध्ये टेस्ट करतोय, पोरांना शिस्त कशी लावू? (सांगली)

घाटकरी_सांगली
नमस्कार मंडळी. टीम फोर्ट्रेस 2 या दोन टीमच्या गोळीबाराच्या गेमसाठी हॅमरमध्ये (मॅप बनवायचं सॉफ्टवेअर) किंग ऑफ द हिल प्रकारचा मॅप, म्हणजे खेळायची जागा करतोय. मधला एक पॉइंट घेऊन धरून ठेवायचा असा हा खेळ. मधे आयर्विनसारखा लांब पूल, एका अंगाला कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला हळदीची गोदामं. गोदामांच्या मागं हरिपूरसारखी पेवं, हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. अजून अल्फाच (पहिला कच्चा अवतार) आहे, भिंतींवर नुसत्या नारिंगी-करड्या चौकड्या.

शनिवारी रात्री दहाबारा पोरं जमतात. जमतात हेच खूप म्हणायचं, पण टेस्टिंग होत नाही. एक जण हरायला लागला की "लाईट गेली" म्हणून गायब. एक जण नोक्लिप (भिंतीतनं आरपार जायची चीट) लावून फिरतो आणि चुका काढतो. तिसरा माईकवर अख्खा वेळ "इथं रेल्वे पाहिजे" म्हणून मागं लागलाय. आणि बाकीच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "भारी आहे भावा." नियम लावावेत तर म्हणतील शाळा काढली. तुमच्याकडं कसं चालतं?

उसाचा_फड
सर्व्हरवर चीट्स बंद कर. नोक्लिपवाल्याचा प्रश्न मिटला.

कराडची_मेडिक
रेल्वेवाला सगळीकडं असतो, त्याचं मनावर घेऊ नका.

पण नियम पोरांच्या आधी तुम्हाला लागतील. राउंड चालू असताना मॅप करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. कोणी वाट चुकला की आपली जीभ वळवळते, "अरे डावीकडनं, गोदामाच्या मागनं." तेवढं बोललात की ती टेस्ट वाया गेली. उद्या हा मॅप अनोळखी लोक खेळतील तेव्हा त्यांच्या कानात सांगायला तुम्ही नसणार. तो जिथं चुकला तिथं दिवा नाही, पाटी नाही, नाहीतर दोन दारं एकसारखी दिसतायत. लिहून घ्या आणि गप्प बसा. नंतर कोणी नावं ठेवली तरी "ते मी मुद्दाम केलंय" म्हणायचं नाही. त्याला तसं वाटलं, एवढं खरं. पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पोरांना एकच सांगा: उपाय सांगू नका, तुमचं काय झालं ते सांगा. "पूल आखूड करा" हा उपाय झाला. "स्पॉनमधनं (खेळाडू सुरू होतो ती जागा) निघालो, पुलावर पाय ठेवला आणि मेलो, कुणी मारलं दिसलंच नाही, असं तीनदा" ही माहिती झाली. तुमचा पूल सरळ लांब आहे, म्हणजे पलीकडच्या टोकाला स्नायपर मांडी घालून बसला असणार, हे न बघता सांगते. मग पूल तसाच ठेवून मधे हळदीच्या पोत्यांची थप्पी लावता येते, कठडा उंच करता येतो, बैलगाडी आडवी घालता येते. हे सुचायला तुम्ही आहात की.

"भारी आहे" वाल्याला मत विचारूच नका. कुठं सगळ्यात जास्त मेलास, आणि कुठल्या वाटेनं एकदाही गेला नाहीस, एवढं विचारा. बोलायला लागतो.

आणि खेळायचं जिंकायलाच. गेममध्ये खेळाडूचे वेगवेगळे प्रकार असतात, सगळे लांबनं नेम धरणारा स्नायपर घेऊन उभे राहिले तर काही कळत नाही. दोन्हीकडं एक इंजिनिअर, एक मेडिक, एक स्पाय तरी हवा. इंजिनिअर तर हवाच, कारण सेंट्री (आपोआप गोळ्या मारणारी बंदूक) जिथं लावू नये तिथं लावणारा तोच.

घाटकरी_सांगली
ताई, स्नायपरचं बरोबर ओळखलंत. दुसरी एक भानगड झालीय. मागच्या खेपेला एक जण पेवात पडला. सोल्जर पायाशी रॉकेट मारून उडून बाहेर पडतो, डेमोमॅन पण बॉम्बनं. हा हेवी होता, त्याला तसं उडता येत नाही, निघेना. सगळे हसत बसले, तो चिडून सर्व्हर सोडून गेला. आता येत नाही म्हणतो.

कराडची_मेडिक
त्याला फोन करा. अख्ख्या ग्रुपमध्ये खरी चूक सापडली ती त्यालाच. कन्सोलमध्ये (गेमला आज्ञा द्यायची खिडकी) `kill` टाईप केलं की माणूस मरतो आणि स्पॉनवर येतो, हे सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवायचं असतं. अडकलेल्यानं आधी त्या जागेचा स्क्रीनशॉट काढायचा, मग मरायचं. आणि हसू नका म्हणत नाही मी, पण राउंड संपल्यावर.

पेवातनं वर यायला मागनं उतार द्या, नाहीतर तोंडावर झाकण घाला. तळाशी इंजिनिअरला काही बांधता येणार नाही एवढं बघा.

मिरज_जंक्शन
मी जरा वेगळं बोलतो. सगळं इतकं शिस्तीत केलं तर शनिवारी रात्री येणार कोण? आमच्याकडं पहिला राउंड मोकळा असतो. दंगा करा, छतावर चढा, नदीत उड्या मारा. त्यातनंच कळतं की कुठल्या छतावर चढता येतं आणि कुठं क्लिप (न दिसणारी भिंत) लावायचं राहिलंय. दुसऱ्या राउंडला मात्र माईक बंद, फक्त खेळाचं बोलायचं. किती राउंड ते आधी सांगायचं. या प्रकारात प्रत्येक टीमला पॉइंट तीन मिनिटं धरायचा असतो, म्हणजे एका राउंडला फार वेळ जात नाही. आधी सांगितलं की लाईट जायचं प्रमाण कमी होतं, आपोआप.

आणि फाईलचं नाव दर वेळी बदल. ए1, ए2, ए3. त्याच नावानं नवी फाईल टाकलीस तर ज्याच्याकडं जुनी आहे त्याला "मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे" असा एरर येतो आणि आत येताच येत नाही. बारा जण ताटकळत बसतात. स्वतःची टेक्श्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) घातली असतील तर मॅपमध्येच पॅक कर, नाहीतर पोरांना गुलाबी-काळे चौकोन दिसतील आणि तुला वाटेल घाटाची तारीफ चाललीय.

कराडची_मेडिक
पहिला मोकळा राउंड हे पटलं.
अजून एक, सोर्सटीव्ही (गेममधलीच रेकॉर्डिंगची सोय) चालू करून डेमो, म्हणजे अख्खा खेळ रेकॉर्ड करा. "तिथनं दिसतच नव्हतं" "दिसत होतं" यावर भांडत बसायची गरज नाही, रविवारी सावकाश बघा.

उसाचा_फड
माणसं कमी पडली तर बॉट (कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू) घाल की.

मिरज_जंक्शन
बॉटला आधी नॅव्ह मेश (कुठनं चालायचं ते सांगणारा नकाशा) बनवावा लागतो. आणि बॉट कधी वाट चुकून वैतागत नाही. चालतंय का, पॉइंट घेता येतो का, एवढं बघायला ठीक. पाच-पाच जणांत खेळत असाल तर "मॅप मोकळा मोकळा वाटतो" ही तक्रार पण जपून घ्या, सर्व्हर बारा-बाराचा असतो.

अजिंक्यतारा_पायथा
साताऱ्याहून. मी येतो शनिवारी, अजून तिघं आणतो. पण माझा पण एक मॅप पडून आहे, किल्ल्याची चढण, निळी टीम वर आणि लाल खाली. कुणी खेळायलाच मिळत नाही. आधी तुमचा, मग माझा, चालेल का? आणि घाटावरची देवळं लांबनं दिसू देत, पॉइंट आत नका ठेवू. आमच्याकडं यावरनं एकदा पेटलं होतं.

घाटकरी_सांगली
देवळं नुसती मागं दिसतात, आत जाता येत नाही. चौघंही या की. चढणीच्या मॅपला खालची टीम चिडणार हे आत्ताच सांगतो, पण गप्प खेळू. फाईल शुक्रवारपर्यंत पाठवा म्हणजे पोरांना आधी उतरवून घ्यायला सांगतो, आमच्यात दोघं मोबाईलच्या नेटवर आहेत. हेवीवाल्याला फोन केला. येतोय, पण सोल्जर घेणार म्हणतोय.