बेनिफिटवरची वर्षे: आपले अनुभव लिहा

परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये पगार, घराचे हप्ते, व्हिसा आणि मुलांच्या शाळा यांविषयी मोकळेपणाने बोलले जाते. नोकरी गेल्यावर सरकारी भत्त्यावर, म्हणजे 'बेनिफिट'वर, दिवस काढणाऱ्यांविषयीही बोलले जाते, पण ते नेहमी 'त्या लोकांविषयी' असते. आपल्यातले कोणी त्यांच्यात असेल, असे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. मी त्यांच्यात होते. फेब्रुवारी २०२३ ते मे २०२५ ही सव्वादोन वर्षे मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात बेरोजगारीच्या भत्त्यावर काढली. तो काळ संपल्यावरही मी त्याविषयी कोणाशी बोलले नाही आणि त्या न बोलण्याचाच मला आता अधिक त्रास होतो. म्हणून हा धागा.

माझी हकिगत आधी सांगते. एकोणीस वर्षे हिशेबखात्यात काम केल्यानंतर आमचा विभाग दुसऱ्या देशात हलवण्यात आला. नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याची, वर्गणी भरलेली असल्यामुळे पहिले सहा महिने, म्हणजे जास्तीत जास्त १८२ दिवस, मला वर्गणीवर आधारलेला जॉबसीकर्स अलाउन्स (नोकरी शोधणाऱ्यांचा भत्ता) मिळाला. एप्रिल २०२३ नंतर तो आठवड्याला ८४.८० पौंड होता. तो संपला तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिटसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज करावा लागला, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. बचत सोळा हजार पौंडांच्या वर असेल तर या योजनेतून काहीच मिळत नाही. सहा हजारांच्या वर असेल, तर वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न धरून तेवढी रक्कम कापली जाते. घटस्फोटानंतर मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे त्या रेषेखाली येईपर्यंत मी खर्च केले आणि मग अर्ज भरला.

अर्जात परदेशातल्या मालमत्तेविषयी विचारलेले असते. सांगलीला आमचा जुना वाडा आहे. त्यात काका, आत्या, चुलतभाऊ धरून अकरा जणांचे हिस्से आहेत आणि वाटणी कधीच झालेली नाही. तो हिस्सा लपवायचा नाही असे मी ठरवले होते. मग मालमत्ता पत्रकाचा उतारा मागवण्यासाठी चुलतभावाला फोन करणे आले आणि तो कशाला हवा आहे हे त्याला सांगणे आले. 'बँकेचे काम आहे', असे मी त्याला सांगितले. अविभक्त कुटुंबातला एक हिस्सा बाजारात कोणी विकत घेणार नाही, ही आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळणारी गोष्ट मला इंग्रजीतून चार वेळा लिहून द्यावी लागली. समोरचा अधिकारी उद्धट नव्हता, पण आपण काहीतरी दडवतो आहोत असे आपले आपल्यालाच वाटू लागते, हा त्या कागदपत्रांचा परिणाम मी कधी विसरणार नाही. पाटल्या आणि मंगळसूत्र या वैयक्तिक वापराच्या वस्तू असल्याने बचतीत धरल्या जात नाहीत, हे समजेपर्यंत मी कितीतरी रात्री जागून काढल्या.

अर्ज केल्यापासून पहिले पैसे हाती येईपर्यंत पाच आठवडे जातात. त्याआधी उचल मिळते, पण ती पुढच्या रकमांतून कापून घेतली जाते. मी ऑगस्टच्या अखेरीस अर्ज केला होता आणि पैसे येण्याच्या आधी गणपती आले. मंडळाच्या आरतीनंतर मी खिरापत वाटत असताना, ज्यांच्याकडे माझे वीस वर्षांचे जाणे-येणे आहे असे एक गृहस्थ म्हणाले, "आपण राबून कर भरायचा आणि यांनी घरी बसून खायचे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या दिवशी माझ्या खात्यात एकशे बारा पौंड होते.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२४पासून, पंचवीस किंवा अधिक वयाच्या एकट्या व्यक्तीची मूळ रक्कम महिन्याला ३९३.४५ पौंड झाली. घरभाड्यासाठी वेगळी रक्कम मिळते, परंतु आमच्या भागात ती भाड्याला पुरत नसे आणि उरलेले भाडे याच मूळ रकमेतून जात असे. त्या बदल्यात आठवड्याला पस्तीस तास नोकरी शोधण्याचा करार होता, आणि काय काय केले याची नोंद ऑनलाइन रोजनिशीत ठेवावी लागे. मी ती प्रामाणिकपणे ठेवली. सव्वादोन वर्षांत सहाशेच्या वर अर्ज केले आणि शेवटी मिळाली ती नोकरी आठवड्याला बावीस तासांची आहे.

आपणही लिहावे. किती मिळत होते, कोणापासून लपवले, कोणाच्या बोलण्याने आधार वाटला, हे सारे लिहावे. ज्यांना हे भत्ते अयोग्य वाटतात त्यांनीही अवश्य लिहावे, फक्त ज्यांच्याविषयी लिहितो आहोत ते हे वाचत आहेत एवढे ध्यानात असू द्यावे.

स्टुटगार्टहून

जर्मनीत दोन पायऱ्या आहेत आणि त्या दोन पायऱ्यांवर माणसाला मिळणारी वागणूक वेगवेगळी आहे, हे मी स्वतः अनुभवले. विम्यातून मिळणारा पहिला भत्ता निव्वळ पगाराच्या ६० टक्के असतो, मूल असेल तर ६७ टक्के, आणि तो साधारणपणे एक वर्ष मिळतो. त्या वर्षात शेजारी सहानुभूतीने चौकशी करतात. वर्ष संपले की माणूस दुसऱ्या पायरीवर येतो, आणि तिथे तुम्ही किती वर्षे वर्गणी भरली होती याला काही किंमत उरत नाही. या दुसऱ्या भत्त्याला २००५पासून सगळे 'हार्त्स फीअर' म्हणत आले. २०२३मध्ये त्याचे नाव 'ब्युर्गरगेल्ड' झाले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. त्या नावावरून 'हार्त्सेन' असे क्रियापदही तयार झाले होते. काम न करता लोळत पडणे, असा त्याचा अर्थ आणि २००९मध्ये तो तरुणांच्या भाषेतला वर्षाचा शब्द ठरला. माझ्या मुलीने तो शब्द शाळेत ऐकला आणि त्याचा अर्थ मला विचारला. मी तिला अर्थ सांगितला, आपण तोच भत्ता घेतो हे मात्र सांगितले नाही.

तिला ते कळले सहलीमुळे. वर्गाच्या सहलीचा खर्च या योजनेतून मिळतो, ही खरोखर चांगली तरतूद आहे आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्यासाठीच्या कागदावर शाळेची सही लागते. बाईंनी तो कागद वर्गात, सगळ्यांसमोर तिच्या हाती दिला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. घरी येऊन मुलगी म्हणाली, "बाबा, मला सहलीला जायचे नाही." त्या वेळी एकट्या प्रौढाला महिन्याला ५६३ युरो आणि वर घरभाडे व हीटिंगचा खर्च मिळत असे. मुलीची रक्कम निराळी. आम्ही उपाशी राहिलो नाही. इथे कोणाला उपाशी ठेवत नाहीत, हे मी आवर्जून नोंदवतो, कारण पत्नीच्या निधनानंतर मी भारतात असतो तर भावांच्या दारात उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर आपला चरितार्थ अशा भत्त्याविना चालवता आला पाहिजे. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, माझी जर्मन जेमतेम असताना, मला काम मिळायला तीन वर्षे लागली आणि तेवढा काळ तो अर्जही थांबून राहिला.

स्लाउहून

धागाकर्तीने विरोधी मताच्या लोकांनाही बोलावले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मी नऊ वर्षे या देशात कामाच्या व्हिसावर होतो. प्राप्तिकर भरला, नॅशनल इन्शुरन्स भरला, आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा भरला. माझ्या परवान्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असे छापलेले होते. याचा अर्थ असा की नोकरी गेली असती तर युनिव्हर्सल क्रेडिटमधला एक पेनीही मला मिळाला नसता आणि सहसा साठ दिवसांत दुसरा नोकरीदाता शोधावा किंवा देश सोडावा लागला असता. २०२०च्या टाळेबंदीत माझ्या बरोबरच्या दोघांची नोकरी गेली आणि ते परत गेले. त्या काळात मी जेव्हा जेव्हा कोणी भत्त्यावर राहतो असे ऐकत असे, तेव्हा मला राग येत असे. तो राग खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. जो माझ्या करातून तिजोरीत गेला तो पैसा माझ्याच पडत्या काळात मला मिळणार नव्हता, ही गोष्ट अन्यायाचीच आहे.

परंतु वरचे खिरापतीचे वाचून मी थांबलो. माझा राग त्या नियमावर होता, तो मी माणसांवर काढत होतो. मंडळात असली वाक्ये मीही टाकली आहेत, आणि त्या वेळी समोर कोण उभे होते हे मला माहीत नाही.

धागाकर्ती

स्लाउकरांचे मनापासून आभार. एक भर घालते, कारण 'तिजोरी बेकारांवर रिकामी होते' हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ब्रिटनच्या कल्याणकारी खर्चातला सर्वांत मोठा वाटा सरकारी निवृत्तिवेतनाचा आहे. धडधाकट बेरोजगारांचा वाटा त्या मानाने लहान आहे. शिवाय युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या अनेकांना नोकरी असते. पगार पुरत नाही म्हणून ते घेतात. मीही आज, बावीस तासांच्या पगारावर, त्यांच्यापैकीच एक आहे.

उत्तर इंग्लंडमधून, खिडकीच्या पलीकडून

मी सहा वर्षे भत्त्याच्या एका कार्यालयात वर्क कोच म्हणून काम केले, म्हणून माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. एका माणसाला साधारण दहा मिनिटे मिळत. त्या दहा मिनिटांत त्याने काय अर्ज केले ते पाहायचे, करार पाळला की नाही ते ठरवायचे आणि पुढची वेळ द्यायची. काम टाळणारी माणसे मला भेटली का? भेटली. ती किती होती असे विचाराल, तर वर्षभरात मला चेहऱ्यानिशी आठवतील एवढीच होती. बाकीच्यांमध्ये लिहिता-वाचता न येणारे पुष्कळ होते आणि ते त्यांनी आयुष्यभर सगळ्यांपासून लपवलेले असे. 'मुद्दाम फॉर्म भरत नाही' असा शेरा ज्याच्या नावापुढे होता, अशा एका पन्नाशीच्या गवंड्याला फॉर्म वाचताच येत नव्हता, हे कळायला आम्हाला आठ महिने लागले.

सबळ कारणावाचून भेट चुकवली तर मूळ रक्कम थांबते. पुन्हा भेट घेईपर्यंतचे दिवस आणि वर पहिल्या वेळी सात, मग चौदा, मग अठ्ठावीस दिवस. कारण सबळ आहे की नाही याचा निर्णय दुसरे अधिकारी घेतात, पण प्रकरण त्यांच्याकडे पाठवणारी मी होते. मी ज्यांची प्रकरणे पाठवली त्यांतल्या काहींबद्दल मला आजही अपराधी वाटते. १९४२च्या ज्या बेव्हरिज अहवालावर ही सगळी व्यवस्था उभी राहिली, त्यात गरज, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि रिकामपण हे पाच राक्षस सांगितले आहेत. तिथे शत्रू रिकामपण आहे, म्हणजे माणसाला काम न मिळणे. आमच्या प्रशिक्षणात तो अहवाल कधी आला नाही. मी तो नोकरी सोडल्यावर वाचला.

पिंपरी-चिंचवडहून

परदेशाच्या मानाने आमचा अनुभव नव्वद दिवसांचाच आहे, तरी लिहितो, कारण भारतात बेरोजगारीचा भत्ता नाहीच असे अनेकांना वाटते. कर्मचारी राज्य विमा योजनेत १ जुलै २०१८पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत. २०२०मध्ये ते प्रमाण ५० टक्के झाले. मुदत जास्तीत जास्त नव्वद दिवस आणि तीही आयुष्यात एकदाच. सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना त्या वर्षी बंद पडला. माझा पगार चौदा हजार होता, म्हणून तीन महिन्यांचे मिळून एकवीस हजार रुपये मिळाले. मालकाच्या सहीशिवाय थेट शाखा कार्यालयात अर्ज करण्याची सोय झाली नसती तर तेही मिळाले नसते, कारण मालक फोनच उचलत नव्हता.

चाळीत लोक मला 'सरकारी जावई' म्हणू लागले. मी अठरा वर्षे दर महिन्याला पगारातून त्या विम्याची वर्गणी दिली होती. विमा उतरवलेल्या गाडीची भरपाई घेणाऱ्याला कोणी जावई म्हणत नाही. नव्वद दिवसांनंतर मी भाजीची गाडी लावली आणि अजून लावतो.

लेस्टरहून

मी स्वतः कधी भत्ता घेतलेला नाही, पण भत्त्यावर वाढले आहे. वडील १९९१ साली गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईला इंग्रजी येत नव्हते आणि शिवणकामाचे कारखाने एकामागून एक बंद होत होते. त्या काळी इन्कम सपोर्टचे एक पुस्तक मिळत असे; दर आठवड्याला त्यातले एक पान फाडून पोस्टात द्यायचे आणि रोख पैसे घ्यायचे. पुस्तकावर ज्या पोस्टाचे नाव असेल तिथेच पैसे मिळत. आमच्या गल्लीच्या टोकाला पोस्ट होते. ते चालवणाऱ्या काकूंची आणि आईची देवळात भेट होत असे, म्हणून आईने दोन मैलांवरचे पोस्ट निवडले. दर सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिथे चालत जात असू, पावसातसुद्धा, कारण बसचे पैसे काढले तर त्या आठवड्याच्या दुधात कमी पडे.

वाटेत कोणी ओळखीचे भेटले की आई सांगत असे, "हिला जरा फिरवून आणते." आई गेली त्याला आता चार वर्षे झाली. तिच्या कपाटात त्या पुस्तकांची रिकामी मुखपृष्ठे एका रबराने बांधून ठेवलेली सापडली, प्रत्येकावर तारीख आणि तिच्या मोडी वळणाच्या मराठीत त्या आठवड्याचा हिशेब: दूध, पीठ, तेल, वीज, मुलीची वही.