मदत हवी आहे: पावणेदोन तासांत संपणाऱ्या गेमची किंमत किती ठेवावी?

मंडळी, मी आणि माझा मित्र दोघंही नागपूरचे. दिवसा आयटी पार्कात नोकरी, रात्री स्वतःचा गेम. तो आता होत आला आहे आणि किमतीवर येऊन अडला आहे.

विषय आपल्या नागपूरच्या मारबत मिरवणुकीचा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बडग्या (नकोशा गोष्टीचा किंवा माणसाचा कागदी पुतळा) घेऊन इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मिरवणूक न्यायची. वाटेत लोंबत्या तारा, आडव्या लावलेल्या गाड्या, आणि बडग्या आपल्यावरच काढलाय म्हणून चिडलेला नगरसेवक. बडग्याचा हात तारेत अडकला की कागद टरकन फाटतो आणि आतल्या बांबूच्या कामट्या दिसतात. चित्रं काढणाऱ्या मुलीने त्या फाटण्यावर केवढा जीव ओतलाय! (घरी मात्र 'गेम करून राहिलो' म्हटलं की काका विचारतात, 'त्याच्यावर बंदी आली ना बे?' २०२५च्या कायद्याने बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आली. आमच्यात हरलं तर फक्त बडग्या फाटतो.)

खिशातून चित्रं, संगीत आणि स्टीमची (कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) १०० डॉलर फी मिळून १ लाख ४० हजार गेले. आमच्या रात्री यात धरलेल्या नाहीत. भारतात २४९ रुपये ठेवले तर १८ टक्के जीएसटी जाऊन २११ उरतात, त्यातून स्टीमचे ३० टक्के गेले की हातात १४८सुद्धा पडत नाहीत. म्हणजे घातलेले पैसे निघायलाच साडेनऊशे प्रती खपायला हव्यात. अँड्रॉइडवर ९९ ठेवले तर गुगल आमच्यासारख्या छोट्यांकडून १५ टक्केच घेतं, तरी हाती ७१.

मित्र म्हणतो, भारतात ३९९ आणि बाहेर ६.९९ डॉलर ठेव, सावजीत एक जण जेवला तरी तेवढे जातात. पण सावजीचं मटण खाऊन कोणी परत करत नाही! स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, म्हणजे आमचा पूर्ण खेळूनही परत जाऊ शकतो. त्यावर मित्राचा उपाय असा की आणखी दोन गल्ल्या घुसडायच्या. मला ते अजिबात पटत नाही. दुसरीकडे, २०२५च्या सप्टेंबरात सिल्कसाँगएवढा अवाढव्य गेम २० डॉलरला आला. त्याच्या शेजारी बसून आम्ही ७ डॉलर कोणत्या तोंडाने मागायचे? मी २४९ आणि ४.९९ वर आहे.

अँड्रॉइडवर सुरुवातीला फुकट टाकून लोक जमले की किंमत लावावी, असंही डोक्यात आहे. ज्यांनी स्वतः काही विकलंय त्यांनी कृपया सांगा.

खडूस_कोडर: शेवटचं आधी. गुगल प्लेवर एकदा फुकट टाकलेल्या ॲपला नंतर किंमत लावता येत नाही, नवीन पॅकेज नावाने, म्हणजे वेगळं ॲप म्हणून, पुन्हा टाकावं लागतं आणि जमलेले लोक जुन्यावरच राहतात. पहिली गल्ली फुकट ठेवा, बाकीचा खेळ ॲपच्या आतूनच एकदा पैसे घेऊन उघडा. यूपीआय चालतं, आणि खेळून पाहिल्यावर ९९ द्यायला लोक कुरकुरत नाहीत.

लांबी वाढवू नका. आवडून संपवलेला गेम परत करणारे थोडेच असतात; परत करतात ते पहिल्या वीस मिनिटांत कंटाळलेले. किमतीत मात्र मी तुमच्या जागी असतो तर मित्राचं ऐकलं असतं. किंमत उतरवणं सोपं आहे, चढवणं नाही, कारण वाढवली की पुढचे ३० दिवस स्टीमवर सूट देता येत नाही. आणि विशलिस्टवाल्यांना (गेम पुढे घेऊ म्हणून यादीत टाकून ठेवलेल्यांना) सवलतीचा मेल जायला निदान २० टक्के सूट लागते. २४९ मधून वर्षभर २०-३० टक्के देत बसलात तर उरणार काय?

संत्राबर्फी: भाऊ, बाहेरच्या विक्रीचं कोणी बोललंच नाही. स्टीम डब्ल्यू-८बेन (अमेरिकेबाहेरच्यांसाठीचा अमेरिकी कराचा फॉर्म) भरून घेतं. त्यात पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा लाभ नीट मागा, म्हणजे अमेरिकेतल्या विक्रीवर १५ टक्के कर कापतात, नाहीतर ३०. माझा पहिल्या वेळी कर सरळ दुप्पट कापला गेला असता, सीएने वाचवलं. आणि मारबत कोणाला माहीत नाही म्हणून बाहेर स्वस्त ठेवू नका, तिकडच्यांना तर तेच नवं आहे.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. अँड्रॉइडचं ठरलं, पहिली गल्ली फुकट. बाहेर ६.९९ लाही मी तयार झालो. भारताचं अजून अडलंय. डॉलरची किंमत टाकली की स्टीम रुपयांत जो आकडा सुचवतं तो सरळ हिशेबापेक्षा बराच कमी असतो. तुम्ही तोच ठेवला की त्याच्या वर गेलात?