वर्ग काढले की सेविका मिळतात का?
गावोगावी महिनाभराचे वर्ग काढले की घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या सेविका आपोआप तयार होतील, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. गरज खरीच आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. आणि आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरची कर्ती माणसे कोयता घेऊन बाहेर पडली की मागे म्हातारी माणसेच घर राखतात.

सरकारी कौशल्य विकासाखाली ‘होम हेल्थ एड’चा, म्हणजे घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या मदतनिसाचा, अभ्यासक्रम आहे, परंतु खरे शिक्षण खाटेजवळच होते. खुब्याचे हाड मोडून आई अंथरुणाला खिळली तेव्हा प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी रक्तदाब वहीत नीट टिपायची, मात्र कूस बदलायला घाबरायची. नंतर आलेल्या, जेमतेम चौथी शिकलेल्या मावशी पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईला वळवायच्या, चादरीची चुणी तळव्याने सपाट करायच्या आणि माकडहाडाजवळची त्वचा लाल झाली आहे का, ते पाहायच्या. म्हणून निम्मे प्रशिक्षण अशा अनुभवी बायांच्या हाताखाली, मानधन देऊन व्हावे.

भरतीचे म्हणाल, तर मधली एजन्सी पगारातून किती कापते हे कुटुंबाला आणि सेविकेला दोघांनाही लेखी कळले पाहिजे. रात्रपाळीनंतर सहाच्या एसटीपर्यंत तिने थांबायचे कुठे, हेही आधीच ठरावे. आमच्याकडच्या मावशींनी काम सोडले ते याच कारणाने, पगारामुळे नव्हे.